तिसरा प्रणाम

माझी मान वळत नाही. म्हणजे वळते, पण अगदी थोडी. मागून कोणी हाक मारली की मला अख्खं अंग फिरवावं लागतं, बैलगाडी वळवावी तसं. वर्ध्याच्या टेलिफोन खात्यात सारी नोकरी मी अशीच केली. नव्यानं आलेल्या पोरींना वाटायचं, बाई तोऱ्यात असते, हाक मारली तरी बघत नाही. मी तसं वाटू दिलं. तोऱ्यातल्या बाईला चहा लवकर मिळतो, हे मी अनुभवानं सांगते. आता निवृत्त झाले आहे आणि तोरा दाखवायला कोणी उरलेलं नाही. परवा भाचीची मुलगी माझे पांढरे केस विंचरत होती. तिचं बोट मानेवरच्या त्या लांब वणावर थांबलं. "आजी, इथं काय झालं होतं?" मी म्हटलं, ऑपरेशन. "खूप दुखत होतं का?" मी म्हटलं, हो. एवढ्यावर ती खेळायला पळाली. मी मात्र ओसरीवर तशीच बसून राहिले, अर्धे केस मोकळे, कारण दुखण्याची गोष्ट तिथून सुरू होतच नाही. ती सुरू होते आंजीतल्या आमच्या घरातल्या दुसऱ्या एका फणीपासून.

आमचं घर दोन खोल्यांचं होतं. पुढे शेणानं सारवलेली ओसरी, मागे न्हाणी आणि न्हाणीवर वाकलेला कडुनिंब. घरात बोलायचं काम बाबांकडे होतं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यामुळे अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणे. आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखं आणि मत प्रत्येक गोष्टीवर. सकाळी आर्वीहून वर्ध्याला जाणारी यष्टी गावात भोंगा वाजवायची, तेव्हा बाबांचं पेपरवाचन सुरू व्हायचं, तेही मोठ्यानं, कोणी ऐकत असो वा नसो. आई त्या वेळी निंदणाला निघायच्या घाईत असायची आणि चुलीपाशी आत्याबाई भाकरी थापत असायची. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं सासर आर्वीच्या पलीकडे होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती भावाकडे परत आली. माझ्या जन्माच्या आधीपासून ती आमच्या घरात होती, आणि तिचा आवाज म्हटला की मला आठवते ती भाकरीची थपथप. बोलायची ती "जेव" आणि "ऊठ" एवढंच. थंडीत ती तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, भाजी करायची, लसूण-मिरचीचं वाटण घालून. तशी भाजी मला आजवर जमलेली नाही. जिभेवर सारं गाव उभं राहायचं त्या भाजीनं. भाजी छान झाली असं कोणी म्हटलं तर ती उठून चुलीकडे जायची, जणू कोणी तिच्यावर ओरडलं होतं.

बाबांचा एक नियम होता. आमच्या घरात कोणी 'अंगात आलं' हे शब्द काढायचे नाहीत. गावात कोणाच्या अंगात देवी आली, कोणी केस सोडून घुमली अशी बातमी आली की ते कानावर हात ठेवायचे आणि मग तासभर बोलायचे. धम्म घेतला त्या वर्षी वस्तीतल्या लोकांनी घराघरातले देव टोपल्यांत भरून धाम नदीत सोडले, ही हकीकत त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की टोपलीची वीणसुद्धा आम्हाला पाठ होती. बाबा तेव्हा शाळेत शिकत होते. त्यांच्या डोक्यावर एक टोपली होती आणि नदीत सोडताना ती जड नव्हे, हलकी वाटली, असं ते सांगायचे. ते सांगत असताना आत्याबाई हमखास उठून न्हाणीकडे जायची. मला वाटायचं, तिला ही गोष्ट ऐकून कंटाळा येतो. मलाही यायचा.

मला पंधरावं लागलं त्या वर्षी माझ्या बोटांनी दगा द्यायला सुरुवात केली. आधी कुडत्याची बटणं लागेनात. मग पेन निसटायचं. माझं अक्षर बाबांसारखं होतं, त्यांचा तो मोठा अभिमान, ते कोंबडीनं पाय ओढल्यासारखं झालं. पायातली चप्पल कधी निघून मागे राहिली हे मला कळायचं नाही, मैत्रीण ओरडून सांगायची. कोरड्या रस्त्यावरून चालताना वाटायचं, पावसाळ्यातल्या काळ्या मातीत चालते आहे, एकेक पाय उपटून काढावा लागतोय. वर बघितलं की डोळ्यांसमोर अंधारी यायची आणि छाती धडधडायची. आणि मान खाली घातली की मानेतून पाठीच्या कण्यात आणि तिथून पायांच्या अंगठ्यांपर्यंत एक झटका जायचा. उघड्या तारेला हात लागावा तसा, क्षणभरच, पण त्यानंतर हात थोडा वेळ माझे राहायचे नाहीत. आणखी एक होतं, ते मी कोणाला सांगितलं नाही. लघवी आवरायची नाही. पंधरा वर्षांची पोरगी ही गोष्ट कोणाला सांगेल? आईलाही नाही सांगितली.

गावच्या दवाखान्यात ताकदीचं औषध मिळालं, लाल रंगाचं, गोड. बाबा घरी नसले की आई मीठमिरची ओवाळून चुलीत टाकायची आणि मला धमकवायची, "सांगजो नको तुह्या बाबाले." बाबांचं निदान वेगळंच होतं. ते म्हणायचे, "लक्ष नाई हिचं. अभ्यासाचा कंटाळा आला का हात दुखते, पाय दुखते. नाटकं सारी." मग शुद्धलेखनाची पानं लिहायला बसवायचे. मी लिहायची, मान खाली घालून, आणि पेन सुटायचं, आणि ते पान पुन्हा लिहायला लावायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त स्वतःचा यायचा, कारण मलाही वाटायला लागलं होतं की मी खरंच नाटक करतेय, फक्त ते थांबवायचं कसं हे मला माहीत नाही. आजारी माणसाचं सगळ्यात वाईट होतं ते इथं. दुखणं सोसता येतं, पण दुसऱ्यांनी खोटं म्हटलं की हळूहळू स्वतःलाच खोटं वाटू लागतं.

रविवारी दुपारी आत्याबाई माझी फणी करायची. ओसरीच्या पायरीवर मला पुढ्यात बसवून, माझं डोकं पुढे वाकवून, मानेवरच्या केसांत तेल जिरवायची. एका रविवारी माझ्या हातात फुटाण्यांची वाटी होती. तिनं डोकं वाकवलं आणि वाटी पायरीवरून खळकन खाली गेली, फुटाणे अंगणभर. ती खाली उतरून फुटाणे वेचू लागली. पुढच्या रविवारी तिनं मुद्दाम माझ्या हातात वाटी दिली, रिकामी. डोकं वाकवलं, आणि ती माझ्या केसांकडे नव्हे, माझ्या बोटांकडे बघत होती. बोटं उघडली, वाटी पडली. तिनं डोकं सरळ केलं, वाटी पुन्हा दिली, बोटं मिटली. त्यानंतर तिनं मला कधी वाकवलं नाही. मला पाटावर उभी करून ती मागून केस विंचरायची आणि म्हणायची, "सरळ राह्य. मान खाली घालू नको." त्या दुपारी ती बाबांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिलेली मी पाहिली होती. बाबा पेपर वाचत होते. थोडा वेळ उभी राहून ती परत चुलीकडे गेली.

वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असायचं. विहार म्हणजे टिनाचं छप्पर असलेली एक लांब खोली, एका टोकाला मूर्ती, भिंतीवर दोन तसबिरी आणि दिव्याभोवती पावसाळी किड्यांचा थवा. वाचायचे अर्थात बाबा. वाचन संपलं की वंदना आणि मग तीन पंचांग प्रणाम. गुडघे, हातांचे तळवे आणि कपाळ जमिनीला टेकवायचं, उठायचं, पुन्हा टेकवायचं. मी बरेच दिवस कपाळ न टेकवता नुसतीच कमरेतून पुढे झुकून वेळ मारून नेत होते. एका संध्याकाळी गर्दी होती, मागच्या बाईचा गुडघा माझ्या पाठीला लागत होता, आणि बाबा पुढून बघत होते. मी पहिला प्रणाम नीट घातला. झटका आला, तो मी गिळला. दुसऱ्याला कपाळ टेकलं आणि माझे दोन्ही हात गेले. पाय आपोआप थाडथाड उडायला लागले. तोंडातून जो आवाज निघाला तो माझाच होता यावर आजही माझा विश्वास बसत नाही. मी कुशीवर पडले आणि केस सुटले. कोणीतरी म्हणालं, "माय वं! पोट्टीच्या अंगात आलं!"

विहारात, बुद्धाच्या पुढ्यात, गुरुजींच्या पोरीच्या अंगात आलं. बाबांनी मला दंडाला धरून उठवलं आणि घरी आणलं. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. बाबांनी न बोलणं म्हणजे काय, हे त्यांच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

सकाळी त्याहून वाईट झालं. मी ओसरीवर पडले होते, हातांना मुंग्या, पाय जड. आमच्याच गल्लीतली शेवंताबाई आली, पदराखाली नारळ. ती सरळ माझ्याकडे आली, माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि हळूच म्हणाली, "माय, माह्या पोट्ट्याले नोकरी लागन का?" तिचा चेहरा मला अजून दिसतो. त्यात लबाडी नव्हती, आशा होती. बाबा आतून आले. नारळ त्यांनी तिच्या हातात परत दिला, नीट, न ओरडता. पण ती गेल्यावर ते भिंतीला पाठ टेकून खाली बसले. धम्म घेतला तेव्हा शेवंताबाईच्या सासऱ्यानंही नदीत टोपली सोडली होती. "एका पिढीत परत आलं सारं," ते म्हणाले, "अन् माह्याच घरातून." मग ते उठले आणि मला म्हणाले, "आज संध्याकाळी साऱ्यांसमोर वंदना करायची. तिन्ही प्रणाम घालायचे. काही होत नाई तुले, हे लोकांले दिसलं पाह्यजे. नाई तं उद्या गाव तुह्या पाया पडाले येईन."

मला त्यांची बाजू आता समजते. तेव्हा फक्त एवढं समजत होतं की मान वाकवली तर काहीतरी तुटेल, आणि हे त्यांना पटवून द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. रक्त नव्हतं, ताप नव्हता, सूज नव्हती. दिवसभर मी घाबरून पडून होते. आई म्हणाली, "नको नेऊ तिले." बाबा म्हणाले, "तू मध्ये येऊ नको." आत्याबाई भाकरी थापत होती. त्या दिवशी भाकरी करपल्या.

संध्याकाळी विहार गच्च भरला होता. ग्रंथ वाचायला इतके लोक कधी आले नव्हते, ही मजा बाबांच्याही लक्षात आली असणार. वंदना झाली. बाबांनी मला पुढे बोलावलं. पहिला प्रणाम मी हळू, दात आवळून घातला, कपाळ जमिनीपासून वीतभर वर ठेवून. "टेकव," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता, विनवणीचा होता. दुसऱ्याला मी कपाळ टेकवलं. अंगातून जे गेलं ते आदल्या दिवशीच्यापेक्षा मोठं होतं. हात कोपरापासून मेले. छातीत श्वास अर्ध्यावर अडला. मी गुडघ्याचा रेटा देऊन कशीबशी बसती झाले आणि बाबांकडे पाहिलं. "एकच राह्यला, विशाखा," ते म्हणाले. मी वाकायला लागले.

माझ्या कपाळाखाली एक हात आला. पिठाचा, खरखरीत. दुसरा मानेच्या मागे आला.

"थांब लक्ष्मणा," आत्याबाई म्हणाली. "तिसऱ्यांदा वाकवू नको पोट्टीले."

बाबांना त्यांच्या नावानं हाक मारणारं गावात दुसरं कोणी उरलं नव्हतं. "अक्का," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तू यात पडू नको. तुले काय समजते यातलं?"

"मले नाई समजत तं कोणाले समजन?" ती वळून लोकांकडे बघत म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं, टिनाच्या छपरापर्यंत जाणारा. "ऐका बायांनो. मी घुमत होती. धम्म घ्यायच्या पहिले, सासरी. केस सोडून, कुंकू फासून. हा लक्ष्मण लहान होता, मले भेटाले आला का भिंतीमागं लपून रडे. तवा घुमणं का असते हे मले विचारा. घुमत होती तवा मी पडतानाबी दगड पाहून पडत होती. डोळे मिटून कोण आलं, कोण गेलं, सारं मालूम राहे मले. ही पोट्टी पाहून पडत नाई. हिची मान वाकवली का बोटं आपोआप सुटते. फणी करतानी मी पाह्यलं. हे देवीचं नाई. अन् लक्ष्मणा, हे नाटक बी नाई. मी दोन्ही केलं आहे. मले फरक कळते."

दिव्यावर किडे आपटत होते तेवढा आवाज. बाबांचा चेहरा मी समोरून पाहत होते. आयुष्यभर ज्या गोष्टीवर त्यांनी माती टाकली होती ती त्यांच्या बहिणीनं अख्ख्या वस्तीसमोर उकरून काढली होती, आणि तीही माझ्यासाठी. त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसताच हातात धरून ठेवला. मग ते मला उचलायला वाकले.

"मान धर," आत्याबाई म्हणाली. "पहिले मान धर."

सकाळी आर्वीहून वर्ध्याला जाणाऱ्या यष्टीनं आम्ही निघालो. आत्याबाईनं तिच्या जुन्या लुगड्याची घट्ट वळकटी करून माझ्या गळ्याभोवती गुंडाळली होती, आणि सारा रस्ता ती एक हात हनुवटीखाली, एक मानेमागे धरून बसली. रस्ता तेव्हा खड्ड्यांचाच होता. प्रत्येक खड्ड्याला ती आधी स्वतः उचलली जायची, हात मात्र हलू द्यायची नाही. कंडक्टरनं विचारलं, "का झालं बाई पोट्टीले?" ती म्हणाली, "मान सैल झाली आहे." आम्ही सगळे घाबरलेलो असतानाही मला त्या उत्तराचं हसू आलं. खुर्चीचा पाय सैल व्हावा तशी माझी मान सैल झाली होती. कंडक्टर पुढे गेला आणि गाडी हळू चालायला लागली.

सेवाग्रामच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईनं माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय इतक्या जोरात उडाला की ती मागे सरली. तिनं पाऊल वर दाबून धरलं तर ते शिलाई मशीनच्या पायट्यासारखं आपोआप हलत राहिलं. तिनं विचारलं, "लघवीला काही त्रास?" मी बाबांकडे बघितलं आणि रडायला लागले. इतके महिने जे मी माझं पाप समजून लपवलं होतं ते हिनं आपणहून विचारलं, म्हणजे ते दुखण्याचंच होतं. मानेचा एक्स-रे सरळ काढला, मग म्हणाले, थोडी वाकवून काढू. आत्याबाई दारातून ओरडली, "वाकवू नोका!" शेवटी मोठे डॉक्टर स्वतः माझं डोकं धरून उभे राहिले.

त्यांनी फोटो उजेडावर धरून आम्हाला समजावलं. मानेच्या दुसऱ्या मणक्याला वर खुंटीसारखं टोक असतं. त्या खुंटीभोवती पहिला मणका आणि त्यावरचं डोकं फिरतं. माझी खुंटी जन्मापासूनच बुडाशी जुळलेली नव्हती. मान वाकली की पहिला मणका पुढे घसरायचा आणि मधली मज्जारज्जू चिमटीत सापडायची. हातांची, पायांची, तोलाची, श्वासाची, सगळी कामं त्याच दोरीतून चालतात, म्हणून एवढं सगळं एकाच वेळी बिघडलं होतं. बाबा ऐकत होते, वर्गातला पोरगा ऐकतो तसे, हात मागे बांधून. मग म्हणाले, "काल मीच तिले वाकवलं, डॉक्टरसाहेब. लोकांसमोर."

"किती वेळा?"

"दोनदा."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "तिसऱ्यांदा नाही वाकवलं हे बरं केलं," ते म्हणाले.

ऑपरेशन नागपूरला व्हायचं ठरलं. तोवर मला पाठीवर निजवून ठेवलं. डोक्याला दोन्ही बाजूंनी चिमटा, त्याला दोरी, दोरीला वजन, आणि गालांशी वाळूच्या पिशव्या. मला फक्त छत आणि पंखा दिसायचा. माणसं मी आवाजावरून आणि वासावरून ओळखायला शिकले. पुढे टेलिफोनची नोकरी मला जमली ती बहुधा त्यामुळेच. ऑपरेशननंतर मी उठेनच असं डॉक्टर म्हणाले नव्हते. हात आहेत तसे राहिले तरी नशीब, असं म्हणाले होते, आणि ते मी ऐकलं होतं. रोज दुपारी मी डाव्या हाताचा अंगठा हलवून बघायची, अजून हलतोय का म्हणून.

अशाच एका दुपारी बाबा आणि आत्याबाई पलंगाच्या दोन बाजूंना बसले होते. बाबा संत्रं सोलत होते, सालीचा वास येत होता. त्यांना वाटलं मी झोपले आहे.

"अक्का," बाबा म्हणाले, "हिच्या हाताचं तुले माहीत होतं. मले काऊन नाई सांगितलं?"

"आलती सांगाले. तू पेपर वाचून राह्यला होता. मी म्हणलं, लक्ष्मणा, पोट्टीचं काही सांगाचं आहे. तू म्हणाला, मंग सांगजो."

"मंग सांगाचं होतं."

आत्याबाईनं माझ्या गालाशी असलेली वाळूची पिशवी नीट केली. मग बोलली, भाकरीबद्दल बोलावं इतक्या साध्या आवाजात. "घुमत होती तवा सासू माह्या पाया पडे. एरवी थे मले उपाशी ठेवे. पण थ्या दिवशी मी म्हणलं भात टाका, का भात टाके. मी म्हणलं हिले मारू नोका, का नवरा मारत नोता. मंग आपण धम्म घेतला. चांगलंच झालं. थे लबाडीचं जिणं होतं, मले सुटाचंच होतं त्याच्यातून. मी घुमणं सोडलं. पण लक्ष्मणा, घुमणं सोडल्यावर माहं कोणी ऐकलंच नाई. ना सासरी, ना तुह्या घरी. मंग मी बोलणंच सोडलं."

साल सोलायचा आवाज थांबला होता. मला मान वळवता आली असती तर मी त्या क्षणी बाबांचं तोंड पाहिलं असतं. ते मला कधीच पाहता आलं नाही. थोड्या वेळानं एक फोड माझ्या ओठांशी आली. कोणाच्या हातची, ते कळलं नाही. मी ती खाल्ली.

कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मानेत बसवला, तारेनं बांधला. मी उठले. डोक्यापासून कमरेपर्यंत प्लास्टरच्या कोटात बसून घरी आले, तेव्हा गल्लीतली पोरं मला बघायला जमली होती. बोटं हळूहळू परत आली. अक्षर मात्र आलं नाही, आणि डावा पाय आजही दमला की थोडा ओढतो. बाबा एकदम बदलले असं लिहिलं तर ते खोटं होईल. घरात सगळ्यात जास्त तेच बोलत राहिले. पण कुठल्याही गोष्टीवर मत देऊन झालं की थांबायचे आणि चुलीकडे बघून विचारायचे, "अक्का, तुले का वाटते?" आधी ती "मले का समजते" म्हणून टाळायची. मग एकदा बोलायला लागली, आणि लागली ती लागलीच. सरपंचापासून बाबांच्या सदऱ्यापर्यंत कोणाला सोडलं नाही. आई हसून म्हणायची, "हे बरं लागलं गुरुजीच्या मागं!"

वैशाखी पौर्णिमेला आईनं खीर केली आणि मला विहारात नेलं. मी अजून प्लास्टरमध्ये होते. भिंतीला टेकवून बसवलं. बाबा वंदना सुरू करायला उभे राहिले आणि मग थांबले. "अक्का, आज तू म्हण," ते म्हणाले. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण इतकी वर्षं न्हाणीकडे, चुलीकडे बसून तिनं सगळं पाठ केलं होतं. तिनं सुरू केलं. तो आवाज पुन्हा छपरापर्यंत गेला आणि बाया त्याच्यामागून म्हणू लागल्या. शेवंताबाईचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता. मग प्रणाम. सगळ्या पाठी खाली गेल्या, वर आल्या, पुन्हा खाली गेल्या. मी एकटीच सरळ बसून सगळं बघत होते. तिसऱ्या वेळी सगळे वाकले, पण बाबा वाकले नाहीत. हात जोडून, ताठ बसून ते माझ्याकडे बघत होते.

ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. आत्याबाई गेली, आई गेली, विहार पक्का बांधला गेला, त्यात फरशी आली. पाहुणे म्हणून आलेल्या एका तरुण भन्तेजींच्या ते लक्षात आलं. बाबा तेव्हा काठी टेकत चालायचे, पण दोन प्रणाम जमिनीला कपाळ टेकवूनच घालायचे. मी त्यांच्या शेजारी खुर्चीवर होते. भन्तेजी अदबीनं म्हणाले, "गुरुजी, तुमचा एक प्रणाम राहिला."

"राहू द्या, भन्ते," बाबा म्हणाले. "तिसऱ्याले अक्कानं थांबवलं आहे."